फवारणी पंपात साधं पाणी घालून पाहिलं म्हणून रिटर्न नाकारलं. पैसे कसे मिळवू?

कपाशीवाली_एरंडोल | १८ जुलै

नमस्कार मंडळी. एरंडोल तालुक्यात अंजनी नदीच्या बाजूला आमचं गाव. चार एकर कपाशी आहे, ती मी आणि माझे सासरे, म्हणजे आबा, बघतो. मिस्टर जळगावला एमआयडीसीत कामाला, रविवारी घरी येतात. म्हणजे फवारणी माझ्याच पाठीवर.

जुना पंप हाताने दांडा मारायचा होता. त्याच्या झाकणाचा वायसर गेलेला. टाकी भरून पाठीवर घेतली की औषध झिरपत झिरपत खाली यायचं, ब्लाउज ओला व्हायचा आणि संध्याकाळी आंघोळीचं पाणी पडलं की पाठीची नुसती आग व्हायची. मागच्या हंगामात चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, हा पंप आता लावायचा नाही. २०१७ ला यवतमाळकडे फवारणी करताना विष अंगात जाऊन किती शेतकरी गेले ते आबांनी टीव्हीवर पाहिलेलं. त्यांनीच लकडा लावला, बॅटरीचा घे म्हणून.

बचत गटातून ३,००० उचलले आणि ३ जुलैला एका मोठ्या ॲपवरून १६ लिटरचा, डबल मोटरचा पंप मागवला. २,८४९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. जाहिरातीत ठळक अक्षरात होतं, बॅटरी १२×१२, म्हणजे १२ व्होल्ट आणि १२ एएच (ॲम्पिअर-तास, बॅटरीत चार्जिंग किती मावतं त्याचं माप). गटातल्या पाच जणी थांबल्या होत्या. वहिनी, तुमचा कसा निघतो ते बघू, मग आम्ही पण मागवू, असं ठरलेलं.

९ तारखेला पार्सल आलं. रात्री थ्री फेज आली तेव्हा चार्जिंगला लावला, पहाटे चार्जरचा दिवा हिरवा झालेला. सकाळी अंगणात टाकीत साधं पाणी भरलं. औषधाचा थेंबसुद्धा नाही, हापशाचं पाणी. घासाच्या वाफ्यावर फवारलं. पहिली टाकी चांगली गेली. दुसरीला फवारा बसायला लागला. तिसऱ्या टाकीला नोझलमधून नळाला गळती असावी तसं टप टप पाणी पडायला लागलं. मला वाटलं कचरा अडकला असेल. नोझल काढून धुतलं, जाळी धुतली, काही फरक नाही. मग आबांनी खालचं बॅटरीचं झाकण उघडलं. चार स्क्रू होते. आत बॅटरी एका बाजूला आणि तिच्या शेजारी थर्माकोलचा तुकडा कोंबलेला. तो उपसून काढला तर बॅटरीवर चिठ्ठी होती, १२ व्होल्ट ८ एएच. म्हणजे पैसे घेतले १२ चे, दिली ८ ची, आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून थर्माकोल भरला. शिवाय ती ८ ची पण जुनीच असावी, रात्रभराचं चार्जिंग दोन टाक्यांत संपलं.

त्याच दिवशी, म्हणजे १० ला, रिटर्न टाकलं. १३ ला पिकअपवाला मुलगा आला. मुलगा सभ्य होता, माझा त्याच्यावर राग नाही. त्याने टाकीचं झाकण उघडून मोबाईलचा उजेड आत मारला, फोटो काढला आणि म्हणाला, "ताई, टाकी ओली आहे. वापरलेला माल घेता येत नाही." मी थर्माकोल दाखवला, बॅटरीची चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, माझ्या ॲपमध्ये हे लिहायला जागाच नाही.

परत रिक्वेस्ट टाकली. १६ तारखेला दिवसभर शेतात न जाता घरी बसले. संध्याकाळी सहाला मेसेज आला: पिकअपचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही. कोणी आलं नव्हतं. आमच्या ओट्यावर दिवसभर चार माणसं बसलेली असतात, कोणाला विचारा. आणि त्याच रात्री सात दिवसांची मुदत संपली म्हणून रिटर्न बंद झालं.

कस्टमर केअरला चॅट केलं. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येते, तिथे जाऊन बसले. "तुमची गैरसोय झाली याबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे वाक्य सहा वेळा आलं. मी फोटो पाठवत होते तोवर रेंज गेली, तर "प्रतिसाद न मिळाल्याने संभाषण बंद करत आहोत." पुन्हा पहिल्यापासून, नवा माणूस, पुन्हा ऑर्डर नंबर, पुन्हा तेच वाक्य. शेवटी एकाने लिहिलं की तपासणीत वस्तू वापरलेली आढळली, निर्णय अंतिम आहे.

मला विचारायचंय, पंपात पाणी घातल्याशिवाय तो चालतो की नाही हे कोणाला कसं कळणार? माझी चूक झाली असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. पण माझं मन असं सांगतं की मी खोटं बोलले नाही आणि तरी लेखी मलाच खोटं ठरवलंय. आबा म्हणतात, "पैसा गया ते गया, पन तू खोटी नही शे." ते पैसे सोडून द्यायला तयार आहेत, मी नाही. गटाचा हप्ता १० तारखेला असतो. आणि इकडे कपाशीवर तुडतुडे आलेत, पानं कडेने पिवळी पडून कोकडायला लागलीत.

कोणाला असा अनुभव असेल तर वाट दाखवा.

---

दुकानदार_धुळे | १८ जुलै

ताई, आमचं धुळ्यात शेती अवजारांचं छोटं दुकान आहे, पंप विकतो आणि रिपेअर पण करतो. दुकानातून का नाही घेतला असं मी म्हणणार नाही. ॲपवर पाचशे रुपये कमी दिसले की कोणाचाही हात तिकडे जातो. तुमचं काम आधी.

पाणी घालून बघण्यात तुमची काडीची चूक नाही. आम्ही दुकानात प्रत्येक पंप गिऱ्हाइकासमोर पाणी भरूनच चालवून देतो. त्याशिवाय गिऱ्हाईक नेतच नाही, आणि नेऊ पण नये.

आता पुरावा पक्का करा. बॅटरीवरची चिठ्ठी कोणी पण बदलली असेल असं ते म्हणू शकतात. पण माप बदलता येत नाही. १२ व्होल्टच्या ८ एएच आणि १२ एएच बॅटऱ्यांची लांबी आणि उंची जवळपास सारखीच असते, फरक रुंदीत. ८ ची रुंदी साधारण साडेसहा सेंटिमीटर, १२ ची जवळजवळ दहा. म्हणून तर थर्माकोल कोंबावा लागला. बॅटरी बसवायची खोली १२ साठी केलेली, बसवली ८. शाळेची पट्टी बॅटरीवर आडवी ठेवा, आकडे वाचता येतील असा फोटो काढा. दुसरा फोटो रिकाम्या खोलीचा, पट्टी आत घालून. तिसरा बॅटरी तराजूवर ठेवून, किराणा दुकानात वजन करून मिळेल. या दोन बॅटऱ्यांत किलोभराचा तरी फरक पडतो. आणि थर्माकोल फेकू नका. त्याच्यावर बॅटरीचा दाब उमटलेला असेल, तो कारखान्यातच भरला याची ती खूण आहे.

गावाकडच्या लोकांना कळावं म्हणून सांगतो, १२×८ म्हणजे ९६ वॅट-तास आणि १२×१२ म्हणजे १४४. दीडपट. ज्याला दहा एकर फवारायचंय त्याच्यासाठी हा अर्ध्या दिवसाचा फरक आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, बदलायच्या आत.

आणि तो जुना गळका पंप आता पाठीवर घेऊ नका. त्याचा वायसर कुठल्याही अवजाराच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो. नवा येईपर्यंत तेवढा तरी बदला.

---

निवृत्त_भुसावळ | १९ जुलै

सुनबाई, मी रेल्वेतून निवृत्त झालो. मागची काही वर्षं भुसावळला ओळखीपाळखीच्या लोकांना ग्राहक तक्रारींचे अर्ज लिहून देतो. वकील नाही, पण कागद कसा लिहायचा ते कळतं. जरा लांबलचक लिहितो, शांतपणे वाचा.

तुम्ही आतापर्यंत ज्यांच्याशी बोललात त्यांच्या हातात काही नसतं. चॅटवाल्यांकडे ठरलेली वाक्यं असतात. तुम्हाला त्याच्यावरचा माणूस गाठायचा आहे. २०२० सालचे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांत प्रत्येक ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क ॲपवर दाखवावा लागतो. सहसा तो सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत असतो, ग्रीव्हन्स ऑफिसर या नावाने. त्याला ईमेल करा. तक्रार पोचल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एक महिन्यात निवारण करायचं, असं त्याच नियमात आहे.

मेलमध्ये राग लिहू नका. राग खरा आहे तुमचा, पण कागदावर तारखा बोलतात. ऑर्डर ३ जुलै, माल ९ जुलै, रिटर्न १० जुलै, पहिला पिकअप १३, दुसरा खोटा पिकअप १६. जाहिरातीत काय लिहिलं होतं आणि आत काय निघालं. मग एक ओळ ठळक लिहा: जाहिरातीतल्या गुणधर्माशी न जुळणारा किंवा सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, असं याच नियमांत आहे. टाकी ओली की कोरडी हा प्रश्नच उरत नाही. बॅटरी टाकीत नसते, ती खालच्या बंद खोलीत असते. पाण्याने ८ ची १२ आणि १२ ची ८ होत नाही. हे वाक्य असंच्या असं लिहा.

शिवाय विक्रेत्याचं नाव आणि पूर्ण पत्ता लेखी मागा. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितला तर ॲपला तो द्यावा लागतो. नुसता पत्ता मागितला तरी बऱ्याचदा गाडी हलते, असा माझा अनुभव आहे.

त्याच दिवशी १९१५ ला फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून नंबर देतात आणि कंपनीकडे पाठवतात. हे न्यायालय नाही, ते दंड करत नाहीत, पण मोठी ॲपं त्यांच्या तक्रारीला उत्तर देतात. तो नंबर मेलमध्ये पण घाला.

एवढं करून महिन्यात काही झालं नाही तर जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. लोक समजतात की कंपनी बंगळूरला आहे तर केस तिकडे करावी लागेल. तसं नाही. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची असते, तेव्हा सात दिवसांची मुदत संपली म्हणून तुमचा हक्क संपला असं समजू नका. ती मुदत त्यांच्या ॲपची, कायद्याची नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावाचं सरकारी पोर्टल चालू आहे, तिथून घरबसल्या तक्रार दाखल होते. सुनावणी व्हिडिओवर घ्या असा अर्ज पण करता येतो.

एक शंका तुम्हाला कोणी घालेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. म्हणतील, पंप शेतीच्या धंद्यासाठी घेतला, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. कायद्यात स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. आणि २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहकच आहे असं सांगितलेलं आहे. तेव्हा मान ताठ ठेवून लिहा.

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार. बरोबर बोलले ते.

---

शिरपूर_तापीकाठ | १९ जुलै

ताई, फक्त एक गोष्ट. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. माझ्या वडिलांनी शोधला होता, एका मोबाईलच्या रिफंडसाठी. पहिलाच नंबर लावला. समोरचा इतका गोड बोलला की वडील त्याला दादा दादा म्हणत होते. त्याने एक ॲप टाकायला लावलं, मोबाईलचा स्क्रीन त्याला दिसायला लागला. म्हणाला, रिफंड घ्यायला पिन टाका. वडिलांनी टाकला. १८,४०० गेले. केळीचे पैसे होते, दोन दिवसांपूर्वीच खात्यात आलेले.

आम्ही लाजून दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, तिथेच घात झाला. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन केला असता तर पैसे पुढे जायच्या आत अडवता आले असते. यूपीआय पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. तुमच्या गटातल्या सगळ्या बायांना हे सांगा, हात जोडून सांगतो.

---

पिकअपवाला_चाळीसगाव | २० जुलै

वहिनी, मी हेच काम करतो. तुमच्या भागात नाही, चाळीसगावकडच्या खेड्यांत. आमच्या बाजूने काय असतं ते सांगतो.

पिकअपला गेलो की ॲप प्रश्न विचारतं. वस्तू तीच आहे का, खोका आहे का, वापरलेली दिसते का. हो नाहीतर नाही. वापरलेली या प्रश्नाला "हो" दाबलं की पिकअप तिथेच रद्द. पंपाच्या टाकीत पाणी दिसत असताना "नाही" दाबलं आणि हबवर तपासणीत पकडलं, तर तो माल माझ्या नावावर पडतो, पगारातून कापतात. तो मुलगा तुमच्याशी वाईट वागला नाही, हे तुम्ही लिहिलं ते वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक आम्हालाच शिव्या देतात.

"ग्राहक उपलब्ध नाही" हे मात्र चुकीचं आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. संध्याकाळी पंधरा पार्सलं उरलेली असतात, गाव आडवाटेला असतं, पावसात रस्ता गेलेला असतो, आणि दिवस बंद करताना काहीतरी कारण दाबावंच लागतं. मी पण दाबलंय. एकदा एका आजीबाईंच्या औषधाच्या पार्सलला दाबलं, दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या दारातच बसलेल्या, आदल्या दिवसापासून वाट बघत. त्यानंतर मी फोन केल्याशिवाय ते बटन दाबत नाही.

तुमच्या मेलमध्ये लिहा की १६ तारखेला मला एक पण फोन आला नाही, कॉल रेकॉर्ड तपासा. आमचे फोन ॲपमधूनच लागतात, त्याची नोंद असते. आणि पुढच्या वेळी कोणी आलं तर टाकी उन्हात पालथी घालून, फडक्याने कोरडी करून ठेवा. माल हातात घेतल्याशिवाय ओटीपी सांगू नका. ओटीपी दिला म्हणजे माल दिला असं धरतात.

---

कपाशीवाली_एरंडोल | २० जुलै

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री पाण्याच्या टाकीवर बसून वाचलं आणि मला रडू आलं. काका, तुमचं ते पाण्याने ८ ची १२ होत नाही हे वाक्य आबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

माझ्या मुलाची कंपासपेटीतली पट्टी घेऊन फोटो काढले. रुंदी साडेसहाच भरली. रिकामी खोली दहाच्या वर आहे. थर्माकोलवर बॅटरीच्या कडेची रेघ उमटलेली आहे, धुळे दादांनी सांगितली तशीच. किराणावाल्या आप्पांनी वजन करून दिलं, दोन किलो तीनशे ग्रॅम, आणि का मोजतेय ते कळल्यावर वजनाची चिठ्ठी पण सही करून दिली. जाहिरात अजून तशीच आहे, स्क्रीनशॉट काढला. अधिकाऱ्याचा मेल सापडला, खरंच अगदी खाली होता. मेल टाकला, १९१५ ला पण लावला. मराठीत बोलल्या बाई, नीट ऐकून घेतलं.

शिरपूरच्या भाऊंचं आज गटाच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्यातल्या एकीच्या मोबाईलमध्ये तसलंच स्क्रीन दाखवायचं ॲप निघालं. तिला कोणीतरी गॅसच्या सबसिडीसाठी टाकायला लावलेलं. तिथल्या तिथे काढलं.

जुन्या पंपाला नवा वायसर टाकला. आबा मला घेऊ देत नाहीत तो, स्वतः घेतात. ६७ वय आहे त्यांचं. कडेच्या दहा ओळी झाल्या की बांधावर बसतात. म्हणून मला घाई आहे.

---

कपाशीवाली_एरंडोल | १२ ऑगस्ट

मंडळी, काय काय झालं ते सांगते.

मेलची पोच दुसऱ्याच दिवशी आली, तक्रार नंबरासकट. मग आठ दिवस काही नाही. २९ जुलैला एका मॅडमचा फोन आला, मराठी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तुमची तक्रार बघितली, एक वेळची सवलत म्हणून आम्ही रक्कम तुमच्या वॉलेटमध्ये टाकतो." मी म्हटलं, मॅडम, मला सवलत नको. मी रोख पैसे दिले, मला माझ्या खात्यावर पैसे पाहिजेत. वॉलेटमधल्या पैशांनी गटाचा हप्ता भरता येत नाही. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, बघते. मी अजून एक सांगितलं की तुमच्या रेकॉर्डमध्ये "वापरलेली वस्तू" लिहिलंय, ते काढून टाका. त्यावर मात्र काही बोलल्या नाहीत.

विक्रेत्याचा पत्ता मी लेखी मागितला होता, तो १ ऑगस्टला मेलवर आला. परराज्यातला आहे. काका, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. पत्ता आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रिटर्न मंजूर झाल्याचा मेसेज.

५ ऑगस्टला तोच मुलगा आला. टाकी दोन दिवस उन्हात पालथी घातलेली, आतून फडक्याने पुसलेली. त्याने झाकण उघडलं, हात घालून बघितला. थर्माकोल मी होता तिथेच परत बसवला होता आणि त्याच्यावर पेनाने ऑर्डर नंबर लिहिला होता. त्याने स्वतःहून बॅटरीच्या खोलीचा पण फोटो काढला. म्हणाला, ताई, ॲपमध्ये जागा नाही, पण माझ्या सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर टाकतो. चहा पाजला त्याला. पंप घेतल्यावर ओटीपी दिला, आधी नाही.

९ तारखेला खात्यावर २,८४९ आले. १० ला गटाचा हप्ता भरला. पंप आता एरंडोलच्या दुकानातून घेतलाय, ३,३०० ला. दुकानदाराने पाणी भरून चालवून दाखवला, बॅटरीचं झाकण मी उघडायला लावलं. आत १२ ची, थर्माकोल नाही. बिल घेतलं. उशीर झाला तो झालाच. मधल्या दीड एकरातली कपाशी लाल पडलीय, तिथे आता काय येईल ते बघायचं.

माझं समाधान झालं असं म्हणू शकत नाही. माझ्या ऑर्डरवर आता "रिफंड पूर्ण, सौजन्य म्हणून" असं दिसतं. सौजन्य! आणि त्याच पंपाची जाहिरात काल रात्री परत उघडून बघितली. अजून १२×१२ च लिहिलंय. खाली नवीन खरेदीवाल्यांचे फोटो आहेत, एकाने अंगणात ठेवून काढलाय, मागे ज्वारीच्या कडब्याची गंजी दिसते. आपल्यासारखंच कोणीतरी. मी खरा अभिप्राय लिहिला होता, फोटोसकट. तो नियमात बसत नाही म्हणून काढून टाकला. काका, ही जाहिरात बंद व्हावी म्हणून कुठे लिहायचं?

---

निवृत्त_भुसावळ | १२ ऑगस्ट

शाबास सुनबाई. वॉलेट नाकारलंत ते फार बरं केलंत.

जाहिरातीचा विषय तुमच्या एकटीच्या रिफंडपेक्षा वेगळा आहे. अनेक ग्राहकांची एकाच प्रकारे फसवणूक होत असेल, दिशाभूल करणारी जाहिरात असेल, तर त्यासाठी २०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण केलेलं आहे, २०२० पासून ते काम करतं. जाहिरात थांबवायचा आणि दंड करायचा अधिकार त्याला आहे. दिल्लीला जायची गरज नाही. याच कायद्यात अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते असं आहे. म्हणजे जळगावला कलेक्टर कचेरीत अर्ज द्या आणि पोच घ्या.

एकटीचा अर्ज पण चालतो. पण एकाच पंपाचे चार-पाच जणांचे फोटो जोडले तर अर्जाला वजन येतं. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.

---

कपाशीवाली_एरंडोल | १३ ऑगस्ट

लिहून द्या काका. पुढच्या आठवड्यात मिस्टरांना जळगावला सुट्टी आहे, त्यांच्यासोबत मी स्वतः जाऊन देईन.

बाकीच्यांना विनंती. १६ लिटर, डबल मोटर, निळी टाकी, पिवळे पट्टे, बॅटरी १२×१२ लिहिलेला पंप यंदा कोणी ॲपवरून घेतला असेल, तर खालचे चार स्क्रू खोला आणि बघा. थर्माकोल निघाला तर पट्टी ठेवून फोटो काढा आणि इथे टाका. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठला पण असो. आमच्या गावातच अजून एक निघालाय, काल संध्याकाळी. पाटचारीजवळच्या मळ्यात, एका म्हाताऱ्या बाबांकडे. ते समजत होते आपल्यालाच चार्जिंग करता येत नाही.